नाव न लिहिणाऱ्या मॅडम

मॅडम कोणाच्याही घरचं पाणी प्यायच्या नाहीत. दुष्काळात त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडताना मला त्यांचा पहिला राग आला तो यावरून. आपण उन्हातून आलो, ओसरीला टेकलो, की घरातली बाई तांब्या घेऊन पुढे येते, मग ते पाणी टँकरचं का असेना. मॅडम हात आडवा करायच्या. "नको. मला तहान नाही." ओठ सुकलेले, आवाज फाटलेला, पण तहान नाही. नंतर जीपमध्ये बसून पिशवीतली बाटली काढायच्या. त्या बाईने दोन तास उभं राहून भरलेलं पाणी आपण का संपवायचं, असं त्यांचं म्हणणं. गावात त्याचा अर्थ वेगळा लागायचा. "बामनाची हाय. आपलं कशी पील?" बायका आमच्या देखतच बोलायच्या. मी धनगराची पोर, मला तो अर्थ आधी कळायचा. एकदा धीर करून मी त्यांना म्हटलं, घोटभर तरी घ्या, नाहीतर कोणी मनातलं बोलणार नाही. त्या म्हणाल्या, "मी पाहुणी म्हणून जात नाही." विषय संपला.

मॅडम गेल्या त्याला आता दोन महिने झाले. त्यांच्यावर स्मरणिका काढायची ठरली आहे आणि माझ्याकडून लेख मागितला आहे, कारण मी म्हणे त्यांची लाडकी विद्यार्थिनी. हे कोणी ठरवलं कोण जाणे. लाडाने त्या माझ्याशी बोलल्याचा एकही प्रसंग मला आठवत नाही. "तुझं अक्षर चांगलं आहे, आता डोकंही चालवायला शीक," हे त्यांनी मला दिलेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. तेव्हा चांगलं लिहिण्याचं वचन मी देत नाही. जे घडलं ते लिहिते.

उस्मानपुऱ्यात एका शिंप्याच्या दुकानावर आमच्या ऑफिसच्या दोन खोल्या होत्या. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. मॅडमचा संशोधनाचा विषय बायकांची तब्येत. आजारपण किती आणि कोणतं हे दवाखानेवाले मोजतात. मॅडमना हवं होतं ते वेगळं. बाई स्वतःला बरी कधी म्हणते, दुखणं कधी लपवते, आणि शेवटी सांगते ते कोणाला? त्यासाठी एकीकडे कोरडी गावं आणि दुसरीकडे वाळूजच्या कारखान्यांभोवतीच्या पत्र्याच्या खोल्या, असा आमचा फेरा असायचा. दोन्हीकडे बायका त्याच. शेतात काम उरलं नाही म्हणून शिफ्टच्या बसने पॅकिंगला जायला लागलेल्या. गावात त्या दिवसा पाणी प्यायच्या नाहीत, कारण आडोसा नव्हता. वाळूजला प्यायच्या नाहीत, कारण मशीन सोडून जायची चोरी होती. हे मॅडमनी शोधलं. कसं, तर सरळ विचारून. "दिवसातून लघवीला किती वेळा जाता?" आम्ही पोरी लाजेने वहीत डोकं घालायचो. गावांत त्यांचं नाव पडलं 'मुतायचं इचारनारी बाई'. ते त्यांना कळलं तेव्हा म्हणाल्या, "बरोबर आहे. तेच विचारते मी."

तब्येत कशी आहे, हा प्रश्न त्यांनी आम्हाला बंद केला होता. त्याला सगळ्या जणी 'बरी हाय' म्हणतात. त्याऐवजी विचारायचं, काल उजाडल्यापासून कोणत्या वेळी आडवं व्हावंसं वाटलं आणि झालात का? सासू, नवरा, जाऊ यांपैकी कोणी ऐकण्याच्या टप्प्यात असेल तर फॉर्म उघडायचाच नाही. शेळ्या, पाऊस, पोरांची शाळा यावर बोलून परत यायचं. पुन्हा जायचं. तिसऱ्या खेपेला विचारायचं. इतकं करून आणलेला फॉर्म मॅडम दोन मिनिटांत वाचायच्या आणि पेन्सिल टेबलावर आपटायच्या. "ही बाई खोटं बोललेली नाही. तुला घाई होती." की परत गावाला. आमच्याबरोबर शहागंजची शबाना होती. जिना उतरताना ती दात-ओठ खायची, "बुढ्ढी को खुद भेजो ना एक बार दोपहर में, हौ." पण बुढ्ढी स्वतःही दुपारीच जायची, त्यामुळे आमचा राग फुकट जायचा.

एका उन्हाळ्यात दुष्काळ शहरात शिरला. मॅडम राहायच्या त्या बाजूला चार वर्षांपूर्वी ज्वारी होती आणि आता चार-चार मजली इमारती. बोअर आटला, नळ आठवड्याने यायचा. जिन्यावरून दोन बादल्या घेऊन चढताना मॅडमना शबानाने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नक्कल करून दाखवली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? पण सुख जेमतेम तासभर टिकलं. अकरा वाजता मॅडम कमरेला हात लावून आल्या आणि म्हणाल्या, "वजन उचलताना शरीरात नेमकं कुठे काय होतं, हे आपण विचारलेलंच नाही. सगळी गावं पुन्हा करायची." आम्ही त्या बादल्यांना मनात शिव्या घालत पुन्हा पहिल्या गावापासून सुरुवात केली.

त्यांचा सगळ्यात कडक नियम नावाचा. फॉर्मावर नाव लिहायचं नाही, गाव लिहायचं नाही, नुसता नंबर. कोणता नंबर कोणाचा ते एका वहीत, वही लोखंडी कपाटात, किल्ली मॅडमच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. जेवताना कोणी चुकून म्हणालं, की ती अमक्या गावची हौसाबाई काय गमतीदार बोलली, तर मॅडम डबा बंद करून उठून जायच्या. "तिने तुला सांगितलंय. जेवणाच्या टेबलाला नाही." डबाही कधी कोणापुढे करायच्या नाहीत. पोळी, दाण्याची चटणी, आणि खिडकीकडे तोंड. एवढं कोरडं माणूस दुसऱ्याच्या सुखदुःखावर पुस्तकं कशी लिहितं, हा प्रश्न मला रोज पडायचा. एकदा मी एका बाईचं ऐकून रडत आले, तर म्हणाल्या, "भावना सगळ्यांनाच असतात. नोंदी कोणाकडे नसतात. तोंड धू आणि लिहायला बस."

यादीत माझंही गाव होतं. मी म्हटलं, तिथे मी जाते, सगळ्या माझ्या चुलत्या-माम्या. "म्हणूनच तू नाही," मॅडम म्हणाल्या. ओळख करून द्यायला मात्र मी हवी. वडील मेंढरं घेऊन पाण्याच्या शोधात लांब गेलेले, घरी आई एकटी. आईने पेला पुढे केला. मॅडमनी नेहमीप्रमाणे हात आडवा केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई पेला धरून तशीच उभी राहिली.

"बाई, आमच्या घरचं चालत नसंल तर तसं सांगा. म्या बी मंग काय बोलत नाय."

"तसं नाही हो. पाणी कमी आहे म्हणून."

"कमी हाय म्हनून तर पेला दिलाय. तांब्या नाय दिला."

मॅडम प्यायल्या. सगळ्या मराठवाड्यात त्यांना पाणी पाजणारी पहिली बाई माझी आई, याचा मला क्षणभर अभिमान वाटला. क्षणभरच, कारण पेला खाली ठेवून मॅडम मला म्हणाल्या, "तू बाहेर जा." मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "जा ना पोरी, कोकरांकडं बघ." माझ्याच घरातून मला बाहेर घालवलं आणि दोघी तासभर आत बसल्या. नंतर मी आईला विचारलं, काय एवढं विचारत होत्या? "काय नाय. मेंढरांचं इचारीत व्हती," आई म्हणाली. मला ते पटलं. आईला चक्कर यायची अधूनमधून, ती जरा आडवी व्हायची, पाच मिनिटांत उठून कामाला लागायची. एवढं सोडलं तर तिला दुखणं म्हणून नव्हतं. निदान मी तसं धरून चालले होते.

पावसाळा कोरडा गेला आणि फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. दोनशेच्या वर गठ्ठा. एकशे चौदा नंबरचा फॉर्म मॅडमच्या अक्षरातला होता. अंग बाहेर येतं. सात वर्षांपासून. कळशी उचलताना जास्त. बसून आत ढकलते, थोडी आडवी पडते, विचारलं तर चक्कर आली म्हणते. कोणाला सांगितलं? कोणाला नाही. का? मुलगी शिकते आहे. कळलं तर सगळं सोडून घरी येऊन बसेल.

असे आजार त्या गठ्ठ्यात पुष्कळ होते आणि चक्करही पुष्कळ जणींना यायची. मी टाइप करता करता मोठ्याने म्हणाले, "काय मूर्ख बाई आहे ही! मुलगी शिकलेली आहे आणि तिलाच सांगत नाही." मॅडम समोरच्या टेबलाशी होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढचा फॉर्म घे."

मी पुढचा फॉर्म घेतला.

त्या वर्षभरात मॅडम माझ्या गावाला वरचेवर जायच्या, मला न नेता. विचारलं तर "काम आहे" एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात तिथल्या शाळेत त्यांनी बायकांचं तपासणी शिबिर घेतलं. शहरातून डॉक्टरीणबाई आल्या. नोंदणीच्या टेबलावर मी होते, नवी साडी नेसून. गाव बघत होतं, की आपली पोर खुर्चीत बसून नावं लिहिते आहे. मॅडम आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू इथे नकोस. वेरूळला जा. तिथले फॉर्म राहिलेत, ते आजच घेऊन ये."

"उद्या गेले तर नाही का चालणार?"

"उठ. शबाना बसेल."

मी उठले. काळी-पिवळी जीप पकडून, गर्दीत एका पायावर उभी राहून वेरूळला पोहोचले. तिथली आशाताई कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई, फार्म तर मागल्या हप्त्यातच दिले की तुमच्या मॅडमला." मी लेण्यांच्या रस्त्यावर रसवंतीच्या बाकड्यावर बसून रडले. माझ्या गावात, माझ्या माणसांसमोर मला खुर्चीवरून उठवलं, तेही खोट्या कामासाठी. त्या दिवशी मी मॅडमना जे जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. नोकरी सोडायचं ठरवलं. पीएचडीला त्यांचं पत्र लागणार होतं म्हणून सोडली नाही. त्याचाही राग त्यांच्यावरच काढला.

पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. जालन्याला मावशीकडे चालले आहे, दहा-बारा दिवस राहीन, तू काळजी करू नको. मी म्हटलं बरंय. त्याच सुमारास मॅडम दुपारनंतर ऑफिसला येईनाशा झाल्या. शबाना आणि मी खूश. पंखा पाचवर, गाणी सुरू, खाली जाऊन भेळ. परदेशात कुठे भाषण असेल, त्याची तयारी चालली असेल, असा आमचा अंदाज. संध्याकाळी एकदा त्या आल्या तेव्हा केस विस्कटलेले आणि हातात स्टीलचा डबा. शबाना हळूच म्हणाली, "मॅडम किसके लिए डब्बा लेके जारी?" आम्ही दोघी तोंडावर ओढणी घेऊन हसलो.

पुढे वर्षभराने पीएचडीच्या अर्जासाठी जातीचा दाखला हवा होता. तो घरच्या पत्र्याच्या पेटीत, वडिलांच्या कागदांत. दाखल्याच्या खाली दवाखान्याची फाईल निघाली. शहरातलाच दवाखाना, आमच्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. आईचं नाव. पिशवीचं ऑपरेशन. तारखा जालन्याच्या मावशीच्या. खाली जबाबदार नातेवाईकाची सही. सही मॅडमची. आणि नातं या रकान्यात त्यांच्याच त्या बारीक, उभ्या अक्षरात लिहिलेलं, बहीण.

फॉर्मात वय अंदाजे टाकलं म्हणून आम्हाला तीस मैल परत पाठवणारी ही बाई. तिने लिहिलं होतं बहीण.

मी ती फाईल घेऊन पुढच्या एसटीने शहरात आले आणि थेट त्यांच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी चष्मा लावला, पाहिलं.

"हा कागद तिने घरात ठेवायला नको होता."

मी ओरडले. तीन वर्षांचं साठलेलं सगळं ओरडले. माझी आई दहा मिनिटांवर पडली होती आणि मी इथे पंख्याखाली भेळ खात होते. तुम्ही रोज मला बघत होतात. एक शब्द बोलला नाहीत.

"तिने मला सांगितलं होतं, तुला नाही," मॅडम म्हणाल्या. "शिबिरात तू बसलेली होतीस म्हणून ती शाळेच्या भिंतीपासून दोनदा परत गेली. मग तुला घालवणं भाग होतं."

"मला सांगितलं असतंत तर मी काम सोडून तिच्याजवळ राहिले असते!"

"तेच तिला नको होतं."

"आणि तो फॉर्म? माझ्या आईचा फॉर्म मी टाइप केला. मी तिला मूर्ख म्हणाले. तुम्ही ऐकलंत."

यावर मात्र त्यांनी चष्मा काढला, पुसला. "हो. ती माझी चूक. तुझ्या गावचा गठ्ठा मी वेगळा काढायला हवा होता. मला माफ कर."

माफी मागितली ती गठ्ठ्याची. बाकी कशाची नाही. मी म्हटलं, आई दगावली असती ऑपरेशनच्या टेबलावर तर? "तर मी तुला कळवलं असतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चिरकलेला ऐकला. मला दया आली नाही. आज लिहितानाही येत नाही. आईच्या उशाशी बसायची जागा माझी होती. ती दुसऱ्या बाईने घेतली, आणि आईनेच ती तिला दिली, हे मला आजवर पचलेलं नाही. मॅडमवर राग धरणं त्यातल्या त्यात सोपं होतं. मी त्याच दिवशी राजीनामा दिला. पीएचडीचं पत्र त्यांनी न मागता टपालाने पाठवलं. त्यात माझ्या अक्षराचा उल्लेख नव्हता. 'हिने विचारलं तर लोक खरं सांगतात,' एवढी एकच ओळ कामाची होती, बाकी ठराविक. मी ते पत्र वापरलं. आभाराचा फोन केला नाही.

आता मी शिकवते. माझ्या हाताखाली पोरी फॉर्म भरतात, आणि नंबरांची वही माझ्या कपाटात असते. पोरी माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात याची मला पूर्ण कल्पना आहे.

लेख लिहायला बसण्याआधी गेल्या रविवारी मी गावाला गेले. आमच्या चराईच्या माळावर आता प्लॉट पडलेत, सिमेंटच्या खुणा रोवल्यात, मेंढरं विकून झाली. आई आता बरीच थकली आहे, पण दुखतं तेव्हा दुखतं म्हणून सांगते. मला सांगते. मॅडम गेल्याचं मी तिला फोनवर सांगितलं होतं, तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही, असं शेजारची वहिनी म्हणाली. माझ्या आईने माझ्या मॅडमसाठी उपास धरावा याचंही मला वाईट वाटलं.

दारात शेंगा फोडत बसलेल्या आईला मी विचारलं, "माय, दवाखान्यात दहा दिवस ती तुझ्याजवळ बसायची. काय बोलायची?"

"लई बोलायची."

मॅडम आणि लई बोलायच्या! आम्ही तीन वर्षांत त्यांच्या घरी कोण कोण आहे एवढंही विचारायची हिंमत केली नव्हती.

"काय बोलायची?"

"तिचं व्हतं ते. तिच्या जिवाचं."

"म्हंजी? आजारी व्हती का? कवापासून?"

आई शेंगा फोडत राहिली.

"माय, म्या तिच्यावर लिहिणार हाय. लोक वाचतील. सांग ना."

"नाय सांगायची."

"तिनं सांगू नगं म्हनलं व्हतं का?"

"नाय. असलं म्हनावं लागत नसतंय."

"आता ती गेली, माय. आता कोनाला काय फरक पडतोय?"

आईने हात थांबवला. माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, पण मला हटवायचं असलं की पाहते तशी.

"माझं तिनं तुला सांगितलं का?"

"नाय."

"मंग."

आणि ती टरफलं सुपात भरून मागल्या दारी गेली. मी ओसरीवर बसून राहिले. लेखात जे घालायला हवं होतं ते तिच्याबरोबर मागल्या दारी गेलं होतं आणि ते मला कधीच मिळणार नव्हतं. मला राग आला. सवयीने तो मॅडमचाच आला.